हिशेब कोणी मागायचा?

मुलांनो, नगरपालिकेच्या घरपट्टीची पावती तुम्ही कधी नीट वाचली आहे का? बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई अशा गावांत नगरपालिकेच्या हद्दीत घर असले, की ही पावती घरात सापडतेच. वर्षातून एकदा आपण पैसे भरतो. कारकून शिक्का मारतो. पावती पेटीत जाऊन पडते. पण त्या पैशांचे पुढे काय होते? ते विचारण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहे, असे आज आपण सहज म्हणतो. दीडशे वर्षांपूर्वी असे म्हणणारा माणूस उद्धट ठरत असे.

पैशांच्या व्यवहारातले शब्द पाहा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम. हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. अरबी-फारसीतून ते आले आणि मराठीच झाले. हे शब्द जुने आहेत. पण राज्य चालवणाऱ्याकडे रयतेने हिशेब मागायचा, ही रीत तेवढी जुनी नाही. बीड शहराजवळची खजाना विहीर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. तिच्या पाण्यावर आजूबाजूची शेती भिजत आली आहे. काम उत्तम झाले, यात शंका नाही. पण तिच्यावर किती खर्च झाला, हे विचारायला त्या वेळी कोणी शेतकरी गेला नसेल. राजाने किंवा सरदाराने दिले तर घ्यायचे, नाही दिले तर गप्प बसायचे, असा तो काळ होता.

मग रीत बदलली कशी? त्यासाठी आपल्याला मुंबईला जावे लागेल. बीड त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते आणि मुंबईवर इंग्रजांचे राज्य होते. या मुंबईत ४ ऑगस्ट १८४५ रोजी एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता.

फिरोजशहा अभ्यासात हुशार होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई या श्रीमंत पारशी गृहस्थांनी, हिंदी तरुणांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून मोठी देणगी जाहीर केली. निवडलेल्या तरुणांत फिरोजशहा होते. ते इंग्लंडला गेले. आणि इकडे मुंबईत एक मोठी आपत्ती कोसळली.

ती आपत्ती समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यातून निघते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या, त्यांचे शेअर विकत घेण्यासाठी लोक धावू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव घसरला आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा शेअर बाजार कोसळला. कालचे लखपती आज कर्जबाजारी झाले. रुस्तमजी जीजीभाईंचीही तीच गत झाली, आणि फिरोजशहांची शिष्यवृत्ती बंद पडली. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. तिथेच बद्रुद्दीन तय्यबजींशी त्यांची मैत्री झाली. हे बद्रुद्दीन पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. १८६८ मध्ये फिरोजशहा बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले.

त्यांना मुंबई ओळखू येईना. शहराचा चेहराच बदलला होता. हा बदल करणारा माणूस होता आर्थर क्रॉफर्ड.

१८६५ मध्ये मुंबईसाठी नगरपालिकेचा नवा कायदा झाला होता. त्या कायद्याने कारभाराची सगळी सत्ता एका अधिकाऱ्याच्या हाती दिली. तो म्हणजे म्युनिसिपल कमिशनर. त्याच्यावर लक्ष ठेवायचे काम जस्टिस ऑफ द पीस या मंडळींकडे होते. लोक त्यांना जे. पी. म्हणत. हे शहरातले प्रतिष्ठित गृहस्थ असत. पण त्यांना लोकांनी निवडलेले नसे. सरकार त्यांना नेमत असे. त्यांत मोठे व्यापारी होते, इंग्रज अधिकारी होते. अनेकजण सभेला येतच नसत.

क्रॉफर्ड पहिले कमिशनर झाले. माणूस कामाचा होता, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी गटारे बांधली, दलदली बुजवल्या, रस्ते रुंद केले. शहराच्या मध्यभागी असलेले कत्तलखाने त्यांनी वांद्र्याला हलवले. भाजी, फळे आणि मांस यांसाठी मोठी मंडई उभी केली. क्रॉफर्ड मार्केट म्हणून ती प्रसिद्ध झाली. आता तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. पटकीसारखे रोग घाणीतून पसरतात, हे त्या काळात सर्वांना पटलेले नव्हते. क्रॉफर्डना आणि त्यांच्या आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलेले होते.

पण क्रॉफर्ड खर्चाला लगाम घालत नसत. मंजुरी घेण्यापूर्वीच कामे सुरू होत. अंदाज एक असे, खर्च दुसराच होई. पैसे कमी पडले की नवी पट्टी बसे किंवा जुनी वाढे. घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, पोलीसपट्टी होती, दिवाबत्तीची पट्टी होती. भंगीकामासाठी हलालखोर पट्टी होती. गाड्याघोड्यांवर कर होता. आणि हे सारे कोणत्या वेळी? शेअर बाजार बुडाल्यानंतर! १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती, ती १८७२ च्या खानेसुमारीत साडेसहा लाखांच्या आत आली. कामधंदा गेल्यामुळे माणसे शहर सोडून गेली होती. घरे रिकामी पडली होती. भाडे येत नव्हते, पण पट्टी मात्र थांबत नव्हती. पट्टी न भरणाऱ्याच्या घरातील सामानावर जप्ती येई.

अखेर शहर बोलू लागले. घरमालक, दुकानदार, वकील, व्यापारी एकत्र आले. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळेच होते. पट्टी सर्वांनाच होती. त्यांचे एक पुढारी होते नौरोजी फर्दुनजी. वयाने पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ आकडे घेऊन उभे राहत. किती जमा झाले, किती खर्च झाले, मंजुरी किती होती, असे ते विचारत. १८७१ च्या जून-जुलैत टाउन हॉलमध्ये जे. पी. मंडळींच्या सभा झाल्या. जेम्स फोर्ब्ज नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने कमिशनरच्या कारभाराविरुद्ध ठराव आणला. शहरात दुसरा विषय नव्हता. क्रॉफर्डना घालवा, कमिशनरचे पदच काढून टाका आणि कारभार एका समितीच्या हाती द्या, अशी मागणी जोर धरू लागली.

आता इथे थोडे थांबा. तुम्ही त्या सभेत असता, तर कोणत्या बाजूला बसला असता? बहुतेक सर्वजण करदात्यांच्या बाजूला बसले असते. तीच बाजू न्यायाची होती. फिरोजशहांनाही करदात्यांची तक्रार खरी वाटत होती. पण उपाय त्यांना चुकीचा वाटला, आणि ते त्यांनी उघडपणे सांगितले.

त्यांचे म्हणणे असे होते. क्रॉफर्डनी खर्च जास्त केला, हे खरे. पण त्यांना अडवण्यासाठी जी मंडळी नेमली होती, ती काय करत होती? अंदाजपत्रक त्यांच्यासमोर येत होते, हिशेब त्यांच्यासमोर येत होता. त्यांनी पाहिले नाही. का पाहिले नाही? कारण त्यांना लोकांनी निवडले नव्हते. त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. पहारेकरी झोपला, तर केवळ चोराला शिव्या देऊन काय उपयोग? पहारेकरी बदलला पाहिजे. आणि तो पहारेकरी कर भरणाऱ्यांनी स्वतः निवडला पाहिजे.

समितीबद्दल त्यांचे मत आणखी स्पष्ट होते. दहा-बारा जण मिळून कारभार करू लागले, की काम बिघडल्यावर कोणाला धरायचे? हा त्याच्याकडे बोट दाखवील, तो याच्याकडे. म्हणून काम करणारा एक असावा, म्हणजे जबाबदारी त्याच्यावर राहील. त्याच्यावर नजर ठेवणारे मात्र अनेक असावेत आणि ते लोकांचे असावेत. हिशेब तपासणारा अधिकारी कमिशनरच्या हाताखालचा नसावा.

विचार किती साधा आहे! पण त्या वेळी तो कोणाला ऐकायचा नव्हता. लोकांना वाटले, हा तरुण बॅरिस्टर साहेबाची वकिली करतो आहे. फिरोजशहांचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी याच विषयावर निबंध वाचला. श्रोते चिडले, गलका झाला. स्वतःच्या गावाचे, स्वतःच्या लोकांचे टोमणे ऐकून घेणे सोपे नसते. नव्या वकिलाला तर अशिलांचीही चिंता असते. फिरोजशहा डगमगले नाहीत आणि लोकांवर रागावलेही नाहीत. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अवघड वाटते.

क्रॉफर्ड १८७१ मध्येच कमिशनरच्या खुर्चीवरून दूर झाले. १८७२ मध्ये नवा कायदा झाला. त्यात फिरोजशहांनी मांडलेल्या अनेक गोष्टी होत्या. कमिशनर एकच राहिला. महापालिकेचे ६४ सदस्य ठरले. त्यांपैकी ३२ सदस्य कर भरणाऱ्यांनी निवडायचे होते, १६ जे. पी. मंडळींनी निवडायचे होते आणि १६ सरकारने नेमायचे होते. खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी बारा जणांची एक नगरसमिती झाली. १८७३ मध्ये पहिली निवडणूक झाली. फिरोजशहा आणि बद्रुद्दीन तय्यबजी दोघेही महापालिकेत आले. ज्या शहराने फिरोजशहांची हेटाळणी केली होती, त्याच शहराने त्यांना आपला कारभार पाहायला पाठवले.

हा हक्क सर्वांना मिळाला, असे मात्र समजू नका. वर्षाला निदान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच मत होते. त्या काळी ५० रुपये म्हणजे गरिबाची कित्येक महिन्यांची कमाई. चाळीत राहणारा गिरणीकामगार, हमाल, मोलकरीण यांना मत नव्हते. हलालखोर पट्टीच्या पैशांतून ज्यांना पगार मिळे, त्या सफाई कामगारांनाही नव्हते. दार उघडले होते, पण थोडेच.

सभागृहात फिरोजशहा तयारी करून येत. कागद वाचल्याशिवाय ते बोलत नसत. पाण्याचा प्रश्न असो, गटाराचा असो, शाळेचा असो, जुने ठराव आणि आकडे त्यांच्या मुखी असत. त्यांचा आवाज मोठा होता आणि पोशाख झोकदार. विरोधकाला ते सोडत नसत, आणि कधी कधी त्यांचा हट्ट फारच होई. आपल्या मताबाहेर कोणी गेलेले त्यांना आवडत नसे. त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले, ते स्तुतीने आणि थोडे तक्रारीनेही. १८८४, १८८५ आणि १९०५ या वर्षी ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८८८ मध्ये रहिमतुल्ला सयानी अध्यक्ष झाले. सयानी पुढे १८९६ मध्ये काँग्रेसचेही अध्यक्ष होते.

फिरोजशहांचे सर्वांत मोठे काम १८८८ सालचे आहे. सरकारने महापालिकेच्या कायद्याचा नवा मसुदा आणला. त्यात सदस्यांचे अधिकार कमी करून कमिशनरचे वाढवले होते. म्हणजे १८६५ कडे परत जायचे! फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे तेव्हा मुंबईच्या विधिमंडळात होते. त्यांनी त्या मसुद्यातील एकेका कलमावर वाद घातला. तो मसुदा बराच बदलावा लागला. शहराचा कारभार महापालिकेचा आहे आणि कमिशनरने तिच्या ठरावांप्रमाणे काम करायचे, हे कायद्यात आले. सदस्य ७२ झाले, त्यांपैकी ३६ करदात्यांचे. पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मुंबई महानगरपालिका आजही याच १८८८ च्या कायद्याने चालते.

आपल्या भागाचा कायदा वेगळा आहे. बीड जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला. इथल्या नगरपरिषदा १९६५ च्या महाराष्ट्र कायद्याखाली चालतात. तिथेही कारभार पाहणारा मुख्याधिकारी वेगळा असतो आणि लोकांनी निवडलेले नगरसेवक वेगळे. ही विभागणी ऐकून तुम्हांला १८७१ चे भांडण आठवेल. शिवाय २००५ पासून सर्व देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा २००२ मध्येच केला होता. १० रुपये शुल्क भरून साध्या कागदावर अर्ज केला, की रस्त्याचा किंवा नळाचा खर्च कोणालाही विचारता येतो आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नौरोजी फर्दुनजींना हे कळले असते, तर त्यांनी रोज एक अर्ज केला असता!

त्या काळात हिशेब विचारणारे फक्त मुंबईतच होते, असेही नाही. पुण्यात जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेचे १००० रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. सगळ्यांनी होकार दिला. विरोधाचे मत एकट्या जोतीरावांचे पडले. शहरात मुलांना शाळा हव्या असताना हे पैसे कमानी आणि रोषणाईवर घालवणे त्यांना पटले नाही.

फिरोजशहांचा सरकारशी एक वाद फार वर्षे चालला. मुंबईच्या पोलिसांचा मोठा खर्च महापालिकेला द्यावा लागे. पण पोलिसांवर हुकूम सरकारचा. पोलीस किती हवेत, कुठे हवेत, हे ठरवताना महापालिकेला कोणी विचारत नसे. जिथे आमचा शब्द चालत नाही, तिथला खर्च शहराने का द्यायचा, असा फिरोजशहांचा सवाल होता. शेवटी १९०७ मध्ये तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला. त्याबदली प्राथमिक शिक्षण आणि दवाखाने यांचा जास्त भार महापालिकेने उचलला.

त्याच १९०७ मध्ये त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. काही बड्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना महापालिकेतून बाहेर काढण्याचा घाट घातला. फिरोजशहा जे. पी. मंडळींच्या १६ जागांसाठी उभे होते. अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांची यादी केली आणि मते फिरवली. निकाल लागला, तेव्हा फिरोजशहा सतरावे होते. एका जागेने ते हरले. मुंबईत संताप उसळला. मोठी सभा भरली. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या शहराला फिरोजशहांचे म्हणणे ऐकवत नव्हते, ते शहर या वेळी त्यांच्यासाठी जमले होते. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द झाली आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहा मेहता वारले. त्यांचा पुतळा मुंबईत महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर, रेल्वेच्या मोठ्या स्थानकासमोरच्या चौकात उभा आहे. त्या इमारतीची पायाभरणी १८८४ मध्ये झाली, तेव्हा तेच महापालिकेचे अध्यक्ष होते. तिथून रोज लाखो माणसे लोकल पकडायला धावतात. त्यांत गिरणगावातल्या चाळींतून आलेल्या माणसांची नातवंडे असतात. त्या चाळींतील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला महापालिकेचे मत पहिल्यांदा मिळाले ते १९४८ च्या निवडणुकीत, फिरोजशहा गेल्यानंतर तेहतीस वर्षांनी.